शिध्यापासून समितीपर्यंत

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेत आज आपण गेलो, तर दर्शनी भिंतीवर रंगवलेली एक यादी बहुधा दिसते. कोणी पंखे दिले, कोणी फरशी बसवली, कोणी पाण्याची टाकी; खाली देणगीदाराचे नाव, रक्कम आणि ‘कै. वडिलांच्या स्मरणार्थ’ अशी पुस्ती. शेजारी शाळा व्यवस्थापन समितीचा फलक असतो. १९९० साली थायलंडमधल्या जोमतिएन येथे ‘सर्वांसाठी शिक्षण’ ही जागतिक परिषद भरली. तेव्हापासून विकसनशील देशांविषयीच्या प्रत्येक शिक्षण-अहवालात स्थानिक भागीदारीचा गौरव होत आला आहे, आणि तो वाचताना वाटते की ही युक्ती त्याच सुमारास कोणाला तरी सुचली असावी. महाराष्ट्रापुरते पाहिले तरी तिचा धागा किमान दोनशे वर्षे मागे जातो. तो उलगडताना आपण दोन प्रश्न हाताशी ठेवू. गावाने शाळेला काय दिले, हा पहिला. दुसरा थोडा अडचणीचा आहे: गाव म्हणजे नेमके कोण?

सुरुवात १८२४ पासून करणे सोयीचे, कारण तेव्हा प्रथमच कोणीतरी मोजदाद मागितली. पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी डिसेंबर १८२३ मध्ये शिक्षणावरचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि पुढच्या मार्चमध्ये कलेक्टरांना विचारणा झाली की तुमच्या जिल्ह्यात शाळा किती, मुले किती, पंतोजीला मिळते काय. उत्तरे पुढची काही वर्षे येत राहिली आणि दप्तरात पडून राहिली. शंभराहून अधिक वर्षांनी रा. वि. परुळेकर या शिक्षणतज्ज्ञाने ती धुंडाळून, आकड्यांचा ताळा घेऊन छापली. हे नाव आज शिक्षणशास्त्राच्या पदवीधरालाही क्वचितच आठवते. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यात साधारण १७०० शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास मुले होती. सरकारने चालवलेल्या शाळा त्यांत पंचवीस-एक. बाकी साऱ्या गावाच्या. त्या देवळात भरत, एखाद्याच्या ओसरीवर भरत, नाहीतर पंतोजीच्याच घरी. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवायचे, मग मोडीचे वळण घोटायचे, पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतची कोष्टके तोंडपाठ करायची. पंतोजीच्या पदरात रोकड थोडी पडे, धान्य जास्त, आणि सणावाराला शिधा. गाव आणि शाळा यांची इतकी सलग भागीदारी पुढे कधीच झाली नाही: वरून एक पैसा नाही, एक तपासनीस नाही. पण त्या शाळांचा पट पाहिला की कौतुक आटते. ब्राह्मणांची, वाण्यांची, सोनारांची मुले त्यावर असत. कुणब्याचे पोर विरळा. महार-मांगांचे नाव नाही, आणि मुली जवळजवळ नाहीतच. शाळा गावाची होती हे खरे. ते गाव मात्र चार आळ्यांचे होते.

इथे वाट थोडी सोडून एक गोष्ट सांगायला हवी. १७८९ मध्ये मद्रासच्या लष्करी अनाथाश्रमाची देखरेख अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याकडे आली. शिक्षक कमी, मुले पुष्कळ, आणि असलेले शिक्षक नव्या रीतीला नाखूश. अशा वेळी एका देशी शाळेत वाळूत बोटाने अक्षरे काढणारी मुले त्यांच्या दृष्टीस पडली. त्यांनी आपल्या आश्रमातही वाळू पसरली आणि थोड्या शिकलेल्या मुलांना धाकट्यांचे गुरू केले. १७९७ मध्ये लंडनला त्यांनी या प्रयोगाचे पुस्तक छापले. तिकडे जोसेफ लँकेस्टर यांनी जवळपास तशीच पद्धत गरिबांच्या शाळांत चालवली आणि इंग्लंडभर मॉनिटरांचा सुकाळ झाला. १८२२ मध्ये मुंबईत शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी मंडळी स्थापन झाली, कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि सदाशिव काशीनाथ छत्रे तिचे काम पाहू लागले, आणि देशी शाळा सुधारण्याचा उपाय म्हणून या मंडळीने लँकेस्टरचीच पद्धत पुढे केली. आपलीच धूळपाटी समुद्र ओलांडून, साहेबी शिक्का घेऊन परत आली होती! पंतोजीला मात्र याच मंडळीने नालायक ठरवले.

कंपनी सरकारला शाळा हव्या होत्या, पण तिजोरी उघडायची नव्हती. १८५० नंतरच्या दोन-चार वर्षांत मुंबईच्या शिक्षण मंडळाने यावर तोड काढली. ज्या गावाला शाळा हवी त्याने मास्तरांचा निम्मा पगार द्यावा, जागा द्यावी, पुस्तके आणि किरकोळ खर्च सोसावा. उरलेले सरकार पाहील. आजच्या ‘अमुक टक्के लोकवाटा’ या अटीचा हा सरळ पूर्वज. वर्गणीच्या भरवशावर पगार चालवणे किती नाजूक असते, ते लवकरच कळले. सुगी बुडाली की शाळा बुडे. म्हणून १८६३ पासून सारा वसूल करताना रुपयामागे एक आणा जादा पट्टी घेण्यास सुरुवात झाली आणि १८६९ च्या कायद्याने ती पक्की झाली. तिचा एक तृतीयांश शाळांना, बाकी रस्त्यांसारख्या कामांना. ही ‘लोकल फंडाची’ कलाटणी माझ्या मते या इतिहासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी बोलली गेलेली. आधी जो देत होता तो स्वखुशीने देत होता आणि त्याचेच मूल शाळेत बसत होते. आता प्रत्येक खातेदार देऊ लागला, मूल शाळेत असो वा नसो.

आणि पुष्कळांचे मूल शाळेत नव्हतेच. जून १८५६ मध्ये, तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या धारवाडला, एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारपर्यंत अर्ज पोहोचला, तेव्हा एका मुलासाठी बाकी सारी शाळा ओस पडू देणे योग्य नाही, असा कौल मिळाला. कलकत्त्याच्या सरकारला हे रुचले नाही, तरी त्या मुलाला त्याचा उपयोग झाला नाही. दुसरीकडे १८४८ पासून जोतीराव आणि सावित्रीबाई फुले पुण्यात वेगळ्याच भागीदाऱ्या जुळवत होते. भिड्यांचा वाडा मुलींच्या पहिल्या शाळेला मिळाला. सदाशिव गोवंडे यांच्यासारखे मित्र पाठीशी उभे राहिले. घर सोडावे लागले तेव्हा उस्मान शेख यांनी आसरा दिला, फातिमा शेख शिकवायला आल्या. लहुजी साळवे वस्त्यांतून मुले गोळा करून आणत. म्हणजे ज्यांना गावाने आत घेतले नव्हते त्यांच्यासाठी फुल्यांनी दुसरे गाव जमवले.

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिले. सरकारी महसूल रयतेच्या घामाचा आणि शिक्षणाचा लाभ वरच्या थरांना, हा त्यांचा ताळेबंद सर्वांना ठाऊक आहे. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणीही. त्याच निवेदनातला एक मुद्दा आपण इथे नीट पाहावा असा आहे. शिक्षक शक्यतो शेतकरी समाजातून तयार करावेत, असे ते म्हणतात. तो लोकांत मिसळेल, त्यांची अडचण ओळखेल, आणि वेळ आली तर नांगराला किंवा वाकसाला हात लावायला त्याला लाज वाटणार नाही. स्थानिक शिक्षक का हवा, याची इतकी नेमकी मांडणी पुढे शंभर वर्षांतल्या कोणत्या अहवालात मला तरी आढळली नाही. सक्तीसाठी सरकार आणि शिकवण्यासाठी घरचा माणूस, अशी ही जोडी होती. पुढच्या काळात यातला कधी एक तुकडा उचलला गेला, कधी दुसरा.

सक्तीचा तुकडा प्रथम संस्थानिकांनी उचलला. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागातल्या दहा गावांत प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या बडोदे राज्याला लावला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणले. ते अगदी मवाळ होते, सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोपवणारे. तरीही मार्च १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना तो अधिकार मिळाला आणि १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा जिल्हा लोकल बोर्डांकडे आल्या. तारखांची ही रांग भरभर ओलांडली तरी चालेल, कारण कायदा करणे आणि मूल वर्गात बसणे यांत अंतर फार होते. ते कसे कापायचे, हे कोल्हापूर आणि साताऱ्याने दाखवले.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्याआधी दीड दशक ते आणखी एक काम करत होते. १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग सुरू झाले. पाठोपाठ जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या जातींची आणि इतरही बोर्डिंगे निघाली. जागा, इमारत, उत्पन्नाची सोय दरबाराची. चालवायचे त्या त्या समाजाने. गावात शाळा नाही, तर शाळा असलेल्या गावात मुलाची राहण्याजेवण्याची सोय करा, हा त्यामागचा साधा विचार. जातवार बोर्डिंगांवर टीका झाली, आजही होते. पण ज्या समाजांकडे सार्वजनिक संस्था चालवण्याचा अनुभवच नव्हता त्यांना तो तिथे मिळाला, ही गोष्ट टीकाकार सहसा हिशेबात धरत नाहीत. त्यातल्या जैन बोर्डिंगात कुंभोजचा एक दांडगट विद्यार्थी राहत होता, भाऊराव पायगोंडा पाटील. त्याने पुढे जातवार बोर्डिंगाची कल्पना मुळापासून फिरवली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला नेली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसत, मिळून स्वयंपाक करत, शेतात राबत. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. पैसा नव्हताच. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. बाकी भार शेतकऱ्यांच्या खळ्यावर. सुगीला मूठ-मूठ धान्य बाजूला निघे. रोख रुपया ज्याच्या हातात वर्षातून दोनदा येतो त्याला दातृत्वाची ही रीत परवडत होती. फरक असा की शंभर वर्षांपूर्वी पंतोजीच्या घरी जाणारे धान्य देणाऱ्याच्या मुलासाठी असे. साताऱ्याकडे निघालेली मूठ कोणाच्याही मुलासाठी होती. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि ‘व्हॉलंटरी’ शाळांना थोडे अनुदान देण्याची योजना निघाली. तिचा फायदा घेत रयतने सातारा जिल्ह्याच्या डोंगरवाड्यांत अशा पाचशेहून अधिक शाळा काढल्या. जागा गावाची, मास्तर संस्थेचा, पगार जेमतेम. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी यंत्रणेच्या हवाली झाल्या.

याच काळात धोंडो केशव ऊर्फ अण्णासाहेब कर्वे यांनी जे केले ते त्यांच्या चरित्रांत दोन ओळींत आटोपते. तरुणपणी त्यांनी ‘मुरुड फंड’ काढला होता: गाव सोडून मुंबईला पोट भरायला गेलेल्या मुरुडकरांनी मिळकतीतला थोडा अंश गावासाठी बाजूला ठेवावा. अनिवासी मंडळींनी गावच्या शाळेला मदत करण्याची आजची चाल पाहिली की तिचा हा १८८६ चा नमुना आठवतो. स्त्री-शिक्षणाचा मोठा पसारा उभा करून झाल्यावर, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ मध्ये, त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी नवे मंडळ काढले. लोकल बोर्डाची शाळा जिथे पोहोचत नाही अशाच गावात त्याने शाळा काढायची. अण्णासाहेब पेन्शनीतून वर्गणी देत आणि दारोदार हिंडून दोन-चार आण्यांच्या देणग्या गोळा करत. चाळीसच्या आसपास शाळा निघाल्या. आकडा लहान आहे, पण ज्या वाड्यांत त्या निघाल्या तिथे आधी शून्य होता.

आतापर्यंत मूल शाळेकडे जात होते, निदान तसे अपेक्षित होते. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, बोर्डीला, ही दिशा उलटली. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांच्या सहकारी होत्या; दोघांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला होता. खेड्यातल्या गरिबाला परवडेल अशी बालवाडी हवी, म्हणून त्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी थाटली. हरिजनवाड्यातली मुले येईनात. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन ती घर राखत बसलेली. तेव्हा या दोघींनी सामान उचलले आणि वाड्यातल्या अंगणातच वर्ग मांडला. ही अंगणवाडी. मॉन्टेसरीची महागडी साधने बाजूला झाली, त्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे, पाने, माती आली. आधी मुलांना न्हाऊ घालायचे, मग गाणी-गोष्टी. पुढे संस्था डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर गेली. वारली मुले गुरे राखायला जात, तर शाळा त्यांच्या मागे कुरणात गेली: गुरे चरत राहतील, मुले शिकत राहतील. त्या कुरणशाळेवर आजही हसणारे भेटतात. रानात मूल दिवसभर काय काम करते हे त्यांनी पाहिलेले नसते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. नाव देशभर गेले. शिंपले आणि बिया मात्र बहुतेक ठिकाणी मागेच राहिल्या आणि पुढे आली ती खिचडी, वजनकाटा आणि रजिस्टरांची चळत. अंगणवाडीताई त्याच गावची असावी, ही अट तेवढी टिकली.

१९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, शाळांचे जाळे दाट झाले, पण दिवसा राबणारी मुले बाहेरच. १९७९ मध्ये चित्रा नाईक यांनी पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेतर्फे अशा मुलांसाठी कृति-संशोधनाचा प्रकल्प हाती घेतला. वर्ग रात्री, दोनेक तास, कंदिलाच्या उजेडात. शिक्षक गावातलाच, गावाने निवडलेला. शिकणाऱ्यांत मुलींची संख्या मोठी, कारण दिवसा त्यांनाच काम जास्त. परीक्षेऐवजी मुलांचे मेळावे. सहा वर्षांनी, १९८५ मध्ये, बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने एका खोलीच्या २२ शाळा उघडल्या. संस्थेच्या साक्षरता वर्गांना येणाऱ्या बायकांनी विचारले होते, आमचे झाले, मुलांचे काय? गावातलीच एखादी शिकलेली सून बाई म्हणून नेमायची, तीस-एक मुले, मुलींना प्राधान्य, शाळेची वेळ पालक ठरवतील. पुढे या शाळा हजारोंनी वाढल्या आणि जगभरच्या अभ्यासकांनी त्यांच्यावर लिहिले. ब्रॅकचे श्रेय कोणी कमी करू नये. पण रात्रशाळांच्या त्या मराठी प्रयोगावर त्यातल्या किती जणांची नजर गेली, हा प्रश्न मला पडतो.

१९९० नंतर सरकारांनाही हा साचा हवासा वाटू लागला, आणि खरे सांगायचे तर त्यात काटकसरीचा वाटा मोठा होता. मुंबईत महापालिका, युनिसेफ आणि नागरिक एकत्र येऊन ‘प्रथम’ उभी राहिली. झोपडपट्टीतली ताई, तिथलीच एखादी खोली किंवा देवळाचा कोपरा, आणि बालवाडी सुरू. मध्य प्रदेशाने १९९७ मध्ये हमी दिली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुलांचे, आदिवासी भागात पंचवीस मुलांचे, पालक मागणी करतील, तर नव्वद दिवसांत गुरुजी मिळेल. महाराष्ट्रात २००० च्या सुमारास याच धर्तीवर वस्तीशाळा निघाल्या. डोंगरातल्या वाड्या, बंजाऱ्यांचे तांडे, आदिवासींचे पाडे इथे प्रथमच शाळा आली. फुल्यांनी मागितलेला मातीतला शिक्षक अखेर नेमला गेला. फक्त त्याच्या हातावर महिन्याला हजार रुपये टेकवले गेले आणि त्याला स्वयंसेवक म्हटले गेले. त्याच शाळेचा गुरुजी शहराजवळ नेमला असता तर कितीतरी पट पगार मिळाला असता. या स्वयंसेवकांनी मोर्चे काढले, उपोषणे केली, आणि २०१४ मध्ये त्यांना जिल्हा परिषदेच्या सेवेत सामावून घेतले गेले. स्थानिक भागीदारीचा बराचसा खर्च त्या चौदा वर्षांत कोणी सोसला, हे कोणत्याही दर्शनी भिंतीवर रंगवलेले नाही.

१ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा लागू झाला. १८८२ ची मागणी बारा वर्षांपर्यंतची होती; हा कायदा सहा ते चौदा वयासाठी आहे. त्याने शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक केली: तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या स्त्रिया, वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा. कागदावर ‘गाव’ इतके रुंद आजवर कधीच नव्हते. मराठवाड्यात ऊसतोडीला आईबाप कारखान्याकडे निघतात तेव्हा मुले मागे राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. जिथे समितीतल्या बायका स्वयंपाक आणि हजेरी दोन्हींवर डोळा ठेवतात, तिथे मूल खरोखर मागे राहते. जिथे समिती म्हणजे सरपंच, मुख्याध्यापक आणि सह्यांची वही, तिथे मुले बापाच्या ट्रकवर चढतात आणि हजेरी मात्र पूर्ण भरते.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार पुढे आणला आणि त्यावर मोठा वाद झाला. मोठ्या शाळेत ग्रंथालय असेल, विषयवार शिक्षक असतील, हा सरकारी युक्तिवाद पोकळ नव्हे. एका खोलीत चार इयत्ता सांभाळणाऱ्या गुरुजींना तो पटूही शकतो. पण कमी पटाच्या शाळांत मोठा भरणा आहे तो वाड्या, तांडे आणि पाडे यांचा, म्हणजे गावाच्या यादीत जे सर्वांत शेवटी घातले गेले त्यांचा. २००० मध्ये ‘मागणी करा, शाळा देऊ’ असे त्यांनाच सांगितले गेले होते. कायद्याने समितीला शाळेच्या कारभारावर लक्ष ठेवायला, विकास आराखडा करायला आणि अनुदानाचा खर्च तपासायला सांगितले आहे. शाळा ठेवायची की मिटवायची, हा विषय तिच्या कामांच्या यादीत नाही.